मुलांच्या तपासण्या: एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी की एमआरआय?

"डॉक्टर, दोन दिवस खोकतोय, एकदा छातीचा फोटो काढून टाकू या ना." मोशी, चिखली, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या कोणत्याही दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येते. त्यामागे काळजी असते आणि व्यवहारही असतो. वडिलांची पाळी बदलणार असते, आईला खाडा परवडत नाही, उद्या पुन्हा येणे जमेलच असे नसते. मग आजच काय ते बघून घेऊ, असे वाटते. ते चूक नाही. पण फोटो किंवा स्कॅन ही सर्वसाधारण 'चेकिंग' नसते. ती एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न ठरलेला नसेल तर रिपोर्टमध्ये काहीतरी लिहून येते आणि त्या 'काहीतरी'मुळे घर आठवडाभर झोपत नाही. उलट काही आजारांत तपासणीची वाट पाहण्यात गेलेला तासच मुलाला महागात पडतो. या दोन्ही बाजू आईवडिलांना माहीत असायला हव्यात.

कोणती तपासणी काय दाखवते

एक्स-रे हाडे, छाती आणि गिळलेली धातूची वस्तू दाखवतो. तो झटपट होतो, स्वस्त असतो आणि त्यातले किरण फार थोडे असतात. सोनोग्राफीत किरण नसतात, फक्त ध्वनिलहरी असतात. मुलांच्या पोटासाठी, किडनीसाठी, अंडकोषासाठी आणि टाळू भरण्याआधी तान्ह्या बाळाच्या मेंदूसाठीही ती पहिली निवड असते. मुलांच्या अंगावर चरबी कमी असल्याने त्यांची सोनोग्राफी मोठ्यांपेक्षा स्पष्ट येते. मात्र ती करणाऱ्याचा हात आणि मुलांचा अनुभव यावर बरेच काही अवलंबून असते.

सीटी स्कॅन म्हणजे अनेक बाजूंनी घेतलेले एक्स-रे. काही सेकंदांत मेंदूतला रक्तस्राव, कवटीचे फ्रॅक्चर किंवा पोटातली गंभीर इजा दिसते, पण किरण बरेच जास्त असतात. एमआरआयमध्ये चुंबक असते, किरण नसतात. मेंदू, मणका आणि सांधे यांसाठी ती उत्तम आहे, पण अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहावे लागते आणि मशीनचा आवाज मोठा असतो. म्हणून लहान मुलांना बहुतेक वेळा झोपेचे औषध किंवा भूल द्यावी लागते. "किरण नाहीत तर सरळ एमआरआयच करू" असे म्हणणाऱ्या पालकांच्या लक्षात ही भुलेची बाजू येत नाही.

किरणांची भीती किती धरावी

आकडे पाहिले की भीती आपोआप जागेवर येते. माती, आकाश, अन्न आणि हवा यांतून आपल्या सर्वांच्या अंगावर किरण येतच असतात. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. छातीचा एक एक्स-रे साधारण ०.०२ मिलिसिव्हर्टचा, म्हणजे दोन-तीन दिवसांच्या नैसर्गिक किरणांएवढा. डोक्याचा सीटी सुमारे २ मिलिसिव्हर्टचा, म्हणजे काही महिन्यांच्या किरणांएवढा. पोटाचा सीटी बहुधा त्याहूनही जास्त.

ब्रिटनमध्ये लहानपणी सीटी झालेल्या जवळपास १ लाख ७८ हजार जणांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा होता: दहा वर्षांखालील १०,००० मुलांचा डोक्याचा सीटी केला, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण आढळू शकतो. नंतरच्या युरोपातील मोठ्या अभ्यासातही धोका याच प्रमाणात, लहान पण खरा, असा दिसला. याचा अर्थ दोन्हीकडून घ्यावा लागतो. उगाच केलेला सीटी नको. आणि मेंदूत रक्तस्राव झाल्याची खरी शंका असताना "रेडिएशन नको" म्हणून सही न करणे हे त्या धोक्याच्या मानाने फारच मोठे संकट ओढवून घेणे आहे. असे पालकही भेटतात, आणि ते बरेचदा शिकलेले असतात.

एक्स-रे किंवा सीटी केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तुम्ही विचारलेत तर तो दाखवायला हवा. मुलाला धरून उभे राहावे लागले तर शिशाचा अॅप्रन मागून घ्या. आई गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल तर तिने आत थांबू नये, दुसऱ्या कोणी धरावे. सीटीच्या वेळी "मशीन लहान मुलांच्या सेटिंगवर आहे ना?" असा साधा प्रश्न जरूर विचारा. २००८ पासून जगभर बालरेडिओलॉजिस्ट यासाठीच मोहीम चालवत आहेत, कारण मोठ्यांचा डोस मुलाला देण्याची काहीही गरज नसते.

डोक्याला मार: सीटी केव्हा

बाळ पलंगावरून पडते, मूल जिन्यावरून घसरते, दुचाकीवर टाकीपुढे उभे असलेले लेकरू गतिरोधकावर उडते. शेवटचा प्रकार आपल्याकडे इतका नेहमीचा आहे की त्याबद्दल बोलायचेही कोणाला सुचत नाही.

अशा वेळी डॉक्टर ज्या नियमाचा आधार घेतात, तो अमेरिकेतील ४२,००० हून अधिक मुलांच्या अभ्यासातून २००९ मध्ये तयार झाला. ही मुले शुद्धीवर असलेली किंवा किंचित गुंगलेली होती. त्यांतल्या एक टक्क्याहूनही कमी मुलांच्या मेंदूला महत्त्वाची इजा झाली होती, तरी सीटी मात्र तिघांपैकी एकाचा झाला होता.

मूल गुंगलेले असेल, तेच तेच विचारत असेल किंवा हाक मारल्यावर नीट प्रतिसाद देत नसेल, तर सीटी लगेच करावा लागतो. कवटीचे हाड दबल्यासारखे लागले, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा द्रव आला, दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे झाले, तरीही तेच. इथे वेळ घालवायचा नाही.

मधल्या गटात दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये चार गोष्टी येतात: कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र आलेले टेंगूळ, पाच सेकंदांहून जास्त शुद्ध हरपणे, तीन फुटांहून उंचावरून पडणे, आणि "हे नेहमीसारखे वागत नाहीये" असे आईला वाटणे. हो, आईचे हे म्हणणे त्या नियमात अधिकृतपणे आहे. त्याहून मोठ्या मुलांमध्ये उलटी, थोडा वेळ का होईना शुद्ध जाणे, तीव्र डोकेदुखी आणि पाच फुटांहून उंचावरून पडणे या गोष्टी बघतात. रस्त्यावर गाडीने धडक दिली असेल तर तो कोणत्याही वयात जोराचाच मार. यांतली एकच गोष्ट असेल आणि मूल बाकी ठीक असेल, तर काही तास दवाखान्यात नजरेखाली ठेवणे हा पूर्ण योग्य पर्याय आहे. तो हलगर्जीपणा नव्हे. गोष्टी एकाहून जास्त असतील, लक्षणे वाढत असतील किंवा बाळ तीन महिन्यांखालचे असेल, तर सीटीकडे कल जातो.

यांतले काहीच नसेल, मूल पडल्या पडल्या रडले आणि थोड्या वेळात खेळू लागले, तर सीटीची गरज नाही. त्याला झोपू द्या. मधून मधून हलवून ते जागे होते ना एवढे पाहा.

आणि डोक्याचा साधा एक्स-रे "निदान तेवढा तरी" म्हणून काढून घेऊ नका. मेंदूतला रक्तस्राव त्यात दिसत नाही. तो नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होणे धोक्याचे आहे.

पोटदुखी आणि रिपोर्टमधल्या 'गाठी'

सोनोग्राफीचा जो रिपोर्ट घेऊन सर्वांत जास्त पालक घाबरून येतात, तो म्हणजे 'मेसेंटेरिक लिम्फ नोड्स'. कोणीतरी त्याचे मराठी करून सांगते, "पोटात गाठी आहेत". मग टीबीचे नाव निघते, कर्करोगाचे निघते, गावाहून आजी निघते.

या गाठी म्हणजे आतड्यांच्या पडद्यातल्या लसिका ग्रंथी. त्या प्रत्येक मुलाच्या पोटात असतात. मुलांची प्रतिकारशक्ती रोज नवे जंतू ओळखत असते, म्हणून त्या मोठ्यांपेक्षा ठळक दिसतात. सर्दी-ताप किंवा जुलाब होऊन गेले की आणखी ठळक होतात. आखूड बाजूने आठ मिलिमीटरपर्यंतच्या, चपट्या, सुट्या आणि आतली रचना शाबूत असलेल्या ग्रंथी मुलांमध्ये सहसा नॉर्मलच समजल्या जातात. तेवढ्यावरून टीबीची औषधे सुरू करायची नसतात. ग्रंथी बऱ्याच मोठ्या आहेत, एकमेकींना चिकटून गठ्ठा झाला आहे, मध्यभाग गळल्यासारखा दिसतो, सोबत वजन घटते आहे, ताप रेंगाळतो आहे किंवा घरात कोणाला टीबी आहे, अशा वेळी मात्र पुढे शोध घ्यावा लागतो. गाठींची संख्या मोजत बसू नका. मूल खाते का, वाढते का, हे जास्त सांगून जाते.

वारंवार बेंबीभोवती दुखते, पण खेळताना विसरते, रात्री झोपमोड होत नाही, वजन नीट आहे, अशा मुलांत कारण बरेचदा साधे बद्धकोष्ठ असते. दर दोन महिन्यांनी सोनोग्राफी करून ते सुटत नाही.

अपेंडिक्सची गोष्ट वेगळी. दुखणे बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकते, मूल वाकून चालते, उडी मारायला सांगितले तर नको म्हणते. इथे सोनोग्राफी पहिली. पण रिपोर्टमध्ये 'अपेंडिक्स नॉट व्हिज्युअलाइज्ड' असे असेल, तर त्याचा अर्थ 'दिसले नाही' एवढाच. 'सुजलेले नाही' असा नव्हे. आतड्यातल्या वायूमुळे ते अनेकदा दिसत नाही. दुखणे वाढत असेल तर तो रिपोर्ट हातात असूनही सर्जनला दाखवा.

तान्ह्या बाळात आणखी एक आजार लक्षात ठेवा. बाळ दर काही मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन किंचाळते, मधे एकदम निपचित पडते, नंतर रक्तमिश्रित शी होते. आतड्यात आतडे शिरलेले असू शकते. सोनोग्राफीत ते चटकन ओळखू येते आणि वेळेवर पोहोचलात तर बहुतेकदा गुदद्वारातून हवा किंवा पाणी सोडून, शस्त्रक्रियेशिवाय सुटते.

खोकला आणि छातीचा फोटो

न्यूमोनियाचे निदान मुख्यतः श्वास मोजून होते. हे तुम्ही घरीही करू शकता. मूल शांत किंवा झोपलेले असताना पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगवान. छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल किंवा ओठ निळसर असतील, तर सरळ रुग्णालय गाठा. घरी राहून बरा होणारा साधा न्यूमोनिया असेल तर फोटो लागतोच असे नाही, आणि मूल ठणठणीत झाल्यावर 'साफ झाले का' पाहायला पुन्हा फोटो काढायची गरज बहुधा नसते.

फोटोच्या रिपोर्टमधले 'प्रॉमिनंट ब्रॉन्कोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज' हे शब्द वाचून घाबरू नका. श्वासनलिका आणि रक्तवाहिन्या जरा ठळक दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. साध्या सर्दीत, बाळदम्यात, मूल रडताना काढलेल्या फोटोतही तसे दिसते. लहान बाळाच्या छातीत हृदयाशेजारी दिसणारी रुंद सावली बहुतेकदा थायमस ही नॉर्मल ग्रंथी असते.

फोटो खरोखर हवा असतो तो अशा वेळी: खोकला दोन आठवड्यांहून जास्त, वजन वाढत नाही, किंवा एकाच खोलीत राहणाऱ्या कोणाला टीबी झाला आहे. आपल्याकडे एका खोलीत पाच-सहा जण राहतात, त्यामुळे हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. कोणी राग मानू नये. नुसत्या फोटोवर टीबी ठरत नाही. थुंकी किंवा पोटातले पाणी घेऊन तपासावे लागते आणि सरकारी क्षयरोग केंद्रात तपासणी व औषधे मोफत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'आर/ओ कॉक्स' असे दिसले, तर त्याचा अर्थ "टीबी नाही ना, हे पाहा" असा आहे. टीबी झाला असा नाही. ही चिठ्ठी वाचूनच रडायला लागलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

शेंगदाण्याबद्दल वेगळे सांगायला हवे. शेंगदाणा किंवा फुटाणा खाताना मुलाला एकदम ठसका लागला, चेहरा लाल-निळा झाला, मग बरे वाटले आणि आठवडाभर खोकला थांबेना, तर दाणा श्वासनलिकेत असू शकतो. एक्स-रेत शेंगदाणा दिसत नाही आणि सुरुवातीला फोटो पूर्ण नॉर्मल येऊ शकतो. त्या ठसक्याची गोष्ट डॉक्टरांना न विसरता सांगा. इथे फोटोपेक्षा तुमची आठवण जास्त कामाची आहे.

तापातला झटका

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाला तापात सर्वांगाला झटका आला, पंधरा मिनिटांच्या आत थांबला, दिवसभरात पुन्हा आला नाही आणि मूल पूर्ववत झाले, तर सीटी, एमआरआय किंवा ईईजी यांपैकी काही लागत नाही. डॉक्टरांनी मुलाला तपासून मेंदूज्वर नाही याची खात्री करणे मात्र आवश्यक असते.

ताप नसताना आलेला किंवा एकाच हाता-पायाला आलेला झटका वेगळा. त्यात मेंदूचे चित्र, शक्यतो एमआरआय, घ्यावे लागते. भारतात अशा रिपोर्टमध्ये 'रिंग एनहान्सिंग लेजन' हे शब्द बरेचदा येतात. पालकांना वाटते ट्यूमर. मुलांमध्ये ते बहुतेकदा टेपवर्मच्या अंड्यांमुळे झालेले न्यूरोसिस्टिसर्कोसिस असते, काही वेळा टीबीची गाठ. दोन्हींवर उपचार आहेत. "आम्ही तर शाकाहारी" असे म्हणून हे निदान नाकारू नका. ही अंडी अस्वच्छ हातांनी, न धुतलेल्या भाज्यांतून आणि पाण्यातून पोटात जातात.

जिथे तपासणीसाठी थांबायचे नाही

मुलाच्या अंडकोषात अचानक जोरात दुखू लागले तर अंडकोषाला पीळ पडला असू शकतो. साधारण सहा तासांत पीळ सुटला तर अंडकोष वाचण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. वयात येणारी मुले लाजेने "पोट दुखतंय" एवढेच सांगतात, म्हणून खालच्या पोटात दुखते म्हणणाऱ्या मुलाला वडिलांनी आडोशाला नेऊन स्पष्ट विचारावे. रात्री चाकणमध्ये सोनोग्राफी सेंटर शोधत, मग तळेगाव चौकातली कोंडी पार करत दुसरीकडे जाण्यात दोन-तीन तास सहज जातात. सेंटर शोधू नका. जिथे सर्जन आणि ऑपरेशन थिएटर आहे अशा रुग्णालयात थेट जा. डॉपलर तिथे होईल, आणि शंका पक्की असेल तर सर्जन त्याशिवायही ऑपरेशन करतात.

घड्याळ, रिमोट किंवा खेळण्यातला बटन सेल गिळला असेल तर एक्स-रे तातडीने हवा. सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जाळतो. उलटी करवू नका. मूल एक वर्षाहून मोठे असेल आणि गिळू शकत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो, पण मध शोधण्यासाठी निघायला उशीर करू नका. नाणे की सेल याची खात्री नसेल तर सेलच समजून चला.

नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ असू शकतो. बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयातच जा. पिंपरीच्या संत तुकारामनगरमधील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा पुण्याचे ससून, जिथे जाल तिथे निघण्याआधी फोन करून बालशल्यचिकित्सक उपलब्ध आहेत का विचारा. गाडीची सोय नसेल तर १०८ वर फोन करा.

रिपोर्ट आणि फिल्म सांभाळणे

प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन' असे काहीतरी असते. रेडिओलॉजिस्टने फक्त चित्र पाहिले आहे, मूल तपासलेले नाही, म्हणून तपासलेल्या डॉक्टरांनी दोन्हींचा मेळ घालावा, असे त्यातून सांगायचे असते. म्हणून रिपोर्ट इंटरनेटवर शोधण्याआधी ज्यांनी तपासणी सांगितली त्यांनाच दाखवा. मुलांच्या हाडांच्या टोकांना वाढीच्या रेषा असतात. त्या फ्रॅक्चरसारख्या दिसतात, तेव्हा दुसऱ्या हाताचा फोटो काढून तुलना करावी लागू शकते. उलट पहिल्या फोटोत न दिसलेले बारीक फ्रॅक्चर आठ-दहा दिवसांनी दिसते. मूल पाय टेकत नसेल तर पुन्हा दाखवा.

आपल्याकडची बरीच कुटुंबे लातूर, बीड, जालना, बुलढाणा अशा ठिकाणांहून आलेली आहेत. सुट्टीत गावी मूल आजारी पडते, तिथे सीटी होतो, इथे परतल्यावर फिल्म गावीच राहिलेली असते आणि तीच तपासणी पुन्हा होते. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो सहसा उपयोगी पडत नाही. सीडी किंवा केंद्राने दिलेली लिंक मागून घ्या आणि तारखेनुसार एका फाइलमध्ये ठेवा. ईएसआय कार्ड असेल तर बाहेर पैसे भरण्याआधी ईएसआय दवाखान्यातून किंवा मोहननगर, चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयातून तपासणीची चिठ्ठी मिळते का ते विचारा.

भूल देऊन एमआरआय ठरला असेल तर उपाशी ठेवण्याच्या वेळा साधारण अशा असतात: जेवण किंवा वरचे दूध सहा तास आधी बंद, आईचे दूध चार तास आधी, साधे पाणी दोन तास आधी. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळा. त्या दिवशी मुलाला सर्दी किंवा ताप असेल तर आधीच कळवा. पैंजण, करदोट्यातले चांदीचे मणी आणि ताईत घरीच काढून ठेवा.